गोष्टीतले आई-बाप गेले कुठे?

आजी-आजोबा आणि नातवंडांची इंग्रजी पिक्चर बुक्स कधीतरी नीट बघा, त्यात आई-बाप जवळजवळ नसतातच. म्हणजे असले तरी कसे, तर पहिल्या पानावर पोराला दारात सोडून जातात, किंवा शेवटच्या पानावर न्यायला येतात, किंवा कुठल्यातरी उंच बिल्डिंगच्या खिडकीत एवढेएवढेसे दिसतात, आणि काही पुस्तकांत तर तेवढेही नाहीत. मला हे बरंच उशिरा दिसलं कारण मोठ्याने वाचताना आपण आवाज काढण्यात बिझी असतो, वादळाचा, म्हाताऱ्याचा, बसच्या दाराचा. पण एकदा दिसल्यावर मग दिसतच राहिलं आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. अरे, लायब्ररीत पुस्तक रिझर्व्ह करायचं मी, जाऊन आणायचं मी, परत द्यायला उशीर झाला की ईमेल मला, रात्री डोळे मिटत असताना वाचायचंही मीच, आणि गोष्टीत मला साधी एंट्री नाही!

आमचं घर न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला. मुलगा पहिलीत. माझे आई-बाबा येतात अधूनमधून, व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं त्यामुळे सगळ्यांचे आई-वडील त्याच हिशोबाने येतात, एप्रिल-मेमध्ये उतरायचं आणि बर्फ पडायच्या आत परत. बाबा (म्हणजे मुलाचे आबा) एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. आईला इंग्रजी वाचता येतं पण मोठ्याने वाचायला ती लाजते, म्हणून ती सरळ चित्रं बघून मराठीत गोष्ट सांगत सुटते आणि ती गोष्ट पुस्तकातली असतेच असं नाही. सुरुवातीला आमचं ध्यान तक्रार करायचं, आजी असं नाही लिहिलंय तिथे. आता नाही करत. आता प्रत्येक पुस्तकाच्या आमच्या घरी दोन आवृत्त्या आहेत, माझी आणि आजीची, आणि आजीची जास्त खपते. चांगल्या पिक्चर बुकला हे सहन होतं, कारण अर्धी गोष्ट चित्रातच असते आणि शब्द कधीकधी मुद्दाम तोंड मिटून बसलेले असतात.

तर आधी 'आब्वेला', स्पॅनिशमध्ये आजी. आर्थर डोरॉस यांचं लेखन, एलिसा क्लेव्हन यांची चित्रं, १९९१ चं पुस्तक. न्यूयॉर्कमधली रोसाल्बा नावाची मुलगी आणि तिची स्पॅनिश बोलणारी आजी बसने बागेत जातात, पक्ष्यांना खायला घालतात, आणि रोसाल्बाच्या डोक्यात येतं की या पक्ष्यांनी मला उचलून नेलं तर? झालं, तिथून दोघी हवेत. खाली स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, विमानतळ, मग बंदर जिथे आजी ज्या भागातून आली तिकडची आंबे-केळी-पपया उतरतायत, मग काका-काकूंचं दुकान, तिथे थांबून गार लिंबू सरबत, मग दमल्या म्हणून खुर्चीसारख्या ढगावर टेकणं. चित्रं कोलाजची आहेत आणि इतकी खच्चून भरलेली की एका पानावर दहा मिनिटं सहज जातात. आता माझं आवडतं पान. उडता उडता त्या मुलीच्या बापाच्या ऑफिसवरून जातात, मुलगी हात हलवून बाबांना हाक मारते आणि आजी, लांब झग्यातली चांगली वयस्कर आजी, खिडकीसमोर हवेत कोलांटी मारते. गंमत म्हणून. नवऱ्याला ते पान दाखवलं तर म्हणाला, बाप बिचारा कॉलवर असणार, म्यूट करून बघत असेल.

या पुस्तकातली खरी मजा अशी की आजी प्रत्यक्षात काही करतच नाही. ती बागेत उभी राहून दाणे टाकतेय एवढंच. उडण्याची आयडिया सगळी नातीची, पुस्तकभर 'असं झालं तर' याच सुरात चाललंय, आपण खरंच उडालो असा दावा ती कुठेच करत नाही. पण आजी सोबत असणार आणि आजीला ते आवडणार याबद्दल तिला शंका नाही. आईला घेऊन उडायचं तिच्या मनातसुद्धा आलं नसेल. बरोबरच आहे, मी असते तर जमिनीवरून पाय सुटायच्या आधी जॅकेटची चेन लावली का विचारलं असतं.

दुसरं बसचंच, 'लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट', मॅट डे ला पेन्या आणि चित्रकार ख्रिश्चन रॉबिन्सन, २०१५. याला २०१६ चं अमेरिकेतलं न्यूबेरी पदक मिळालं, जे एरवी बहुतेक वेळा मुलांच्या कादंबऱ्यांना जातं. सीजे नावाचा मुलगा आणि त्याची नाना (म्हणजे आजी, आपले नाना नव्हे, आमच्याकडे पहिले दोन दिवस यावरून गोंधळ चालला होता) चर्चमधून निघून पावसात बस पकडतात. पोरगं कुरकुरतंय, आपल्याकडे गाडी का नाही. आजी म्हणते गाडी हवीच कशाला, आपल्याकडे आग ओकणारी बस आहे की. बस थांबते तेव्हा ती उसासा टाकून खाली बसते असं वर्णन आहे, आणि तिथे बाबांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. म्हणाले, हा उसासा बिसासा नाही, ही हवा सोडलीय, खाली स्प्रिंगच्या जागी हवेचे बलून असतात, त्यातली हवा सोडली की चढायच्या बाजूला गाडी झुकते, म्हाताऱ्या माणसांना पाय उचलायला नको. नातू म्हणाला म्हणजे बस गुडघे टेकते? बाबा म्हणाले टेकते की. अमेरिकेत अशा बसला गुडघे टेकणारी बसच म्हणतात हे दोघांनाही माहीत नव्हतं. पुढचा अर्धा तास ते पुस्तक पुढे सरकलं नाही, लाल डब्यात हवेची ब्रेक सिस्टीम कशी असते तिथपर्यंत गाडी गेली आणि मी भांडी घासायला निघून गेले. आजीने नातवाला रोजच्या बसमध्ये ड्रॅगन दाखवायचा आणि आमच्या आबांनी ड्रॅगनमध्ये बस दाखवायची, मला वाटतं काम एकच आहे.

त्या पुस्तकात पुढे बसमध्ये एक गिटारवाला भेटतो, आणि डोळे मिटून गाणं ऐकताना सीजे बस सोडून कुठल्या कुठे, समुद्राच्या लाटांकडे पोचतो. ते पान सुंदर आहे. शेवटी दोघं जिथे उतरतात तिथे गरिबांना जेवण वाढायचं असतं, आणि तिथे मात्र पुस्तक जरा शिकवायला लागतं असं माझं मत आहे, आईचं मत याच्या बरोबर उलटं आहे. तिला तेच पान आवडतं.

आता 'ग्रॅनपा'. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मला वाटतं या सगळ्या प्रकारात याच्या वरचं पुस्तक नाही. जॉन बर्निंगहॅम हे इंग्लंडचे चित्रकार-लेखक, १९३६ ते २०१९. लहानपणी त्यांचं थोडं शिक्षण समरहिल नावाच्या शाळेत झालं, तीच ती जिथे तासाला बसायचं की नाही हे मुलांनी ठरवायचं, आणि त्यांची पुस्तकं बघितली की ते पटतंच. 'ग्रॅनपा' १९८४ चं, त्याच वर्षी त्याला इंग्लंडमधला कर्ट मॅश्लर पुरस्कार मिळाला, पुढे १९८९ मध्ये त्यावर ॲनिमेशन फिल्मही आली. पण फिल्म राहू द्या, पुस्तक घ्या.

पुस्तकात गोष्ट सांगणारं कोणी नाही. फक्त बोलणं, तेही तुटक. आजोबांचं बोलणं साध्या टायपात, नातीचं तिरक्या टायपात, बस. आणि ते दोघं एकमेकांना उत्तरं देतात असंही नाही! आजोबा रोपं लावताना बियांना वाढायला जागा कशी लागते ते सांगतायत आणि ही विचारते गांडुळं स्वर्गात जातात का. आजोबा लहानपणच्या उतारावरून घसरत यायच्या आठवणी काढतात आणि ती स्वतःच्याच नादात. प्रत्येक दोन पानांत उजवीकडे रंगीत चित्र असतं, जे चाललंय ते, आणि डावीकडे तपकिरी रेघांचं स्केच, जे कोणाच्यातरी मनात चाललंय ते. कोणाच्या मनात हे काही वेळा कळतच नाही. मला हे फार खरं वाटतं. आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर आबा आणि नातू बसलेले असतात तेव्हा आबा डेपोतली कुठलीतरी १९८० सालची गाडी दुरुस्त करत असतात आणि नातू डायनोसॉर मेले तेव्हा कोणी पाहिलं का हे विचारत असतो, दोघं आळीपाळीने बोलतात, दोघं खूश असतात. मधे मी जाऊन म्हटलं की अरे आबांनी काय विचारलं त्याचं उत्तर दे आधी, तर दोघंही माझ्याकडे अशा नजरेने बघतात की मीच विषयाबाहेरची.

यात लाड आहेत पण गोडगोड काही नाही. मधेच एक पान येतं ज्यात दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत आणि तिथे एवढंच वाक्य की आजोबांना असं बोलणं चांगलं नव्हतं. काय बोलली ते नाही सांगितलं. माझ्या मुलाने त्या पानावर दर वेळी नवीन काहीतरी भरलंय, कधी ती म्हणाली असेल तू म्हातारा आहेस, कधी म्हणाली असेल तुझ्या तोंडाला वास येतो, एकदा म्हणाला ती म्हणाली असेल तू इंडियाला परत जा. आता हे तो कुठून शिकला, शाळेत कोणी कोणाला म्हटलं का, हे मी नंतर दोन दिवस खोदून खोदून विचारलं, काही हाती लागलं नाही. एवढ्याशा रिकाम्या जागेत एवढं मावतं.

मग समुद्रावर जायचं पान, तिथे कायमचं राहायचं का असं ती विचारते, आजोबा हो म्हणतात पण चार वाजता चहाला परत यायला हवं. मी हे वाचताना दर वेळी हसते. हो म्हणायचं आणि चहाची वेळही पाळायची हे फक्त त्या वयाच्या माणसालाच जमतं. मी एक तर नाही म्हणाले असते नाहीतर कायमचं राहणं म्हणजे काय हे समजावून सांगत बसले असते.

नंतर आजोबा घरात खुर्चीवर, आज बाहेर खेळायला येता येणार नाही. पुढच्या चित्रात मुलगी त्यांच्या मांडीवर, उद्या आफ्रिकेला जाऊया आणि तू कॅप्टन हो असं काहीतरी ठरतंय. पान उलटलं की हिरवी खुर्ची रिकामी, मुलगी समोर बसून बघतेय, आणि त्या पानावर अक्षर नाही. एकही नाही. शेवटच्या चित्रात एक मूल बाबागाडी ढकलत टेकडीवरून पळत चाललंय. संपलं.

आईने हे पुस्तक पहिल्यांदा संपवलं तेव्हा तिचं मत स्पष्ट होतं, ही असली पुस्तकं मुलांना कशाला. तिच्या आवृत्तीत आजोबा आफ्रिकेला पुढे गेलेत, बोट तयार करायला. मी बऱ्याच वेळा याच्यावर तिच्याशी वाद घातलाय. मला ते पान हवं आहे, कारण आमच्यासारख्या घरांत खुर्ची दर सहा महिन्यांनी रिकामी होते आणि पोराला विमानतळावरून परत येताना गाडीत बसून ती गोष्ट पचवायची असते, मरणबिरण फार लांबची बाब आहे. आणि गंमत म्हणजे मुलगा त्या पानावर अजिबात हलला नाही. पहिल्यांदा म्हणाला आजोबा बाथरूमला गेला असेल. नंतर कधीतरी स्वतःच म्हणाला की मेला वाटतं, आणि लगेच, मग खुर्ची कोणाला मिळाली? सगळी रडारड आमच्या वयाची.

आईची आफ्रिकेतली बोट मात्र एका माणसाने खरंच काढून ठेवलीय. बेंजी डेव्हिस यांचं 'ग्रँडॅड्स आयलंड', तेही २०१५ चं. सिड नावाचा मुलगा बागेच्या टोकाशी असलेल्या आजोबांच्या घरी जातो, आजोबा त्याला माळ्यावर नेतात, तिथे एक मोठं लोखंडी दार, दारापलीकडे जहाजाचा डेक. घरांच्या छपरांवरून जहाज निघतं, बेटावर पोचतं, बेट एकदम हिरवंगार, पक्षी, माकडं, आणि तिथे आजोबांना काठी लागत नाही. मग आजोबा सांगतात की मी आता इथेच राहीन म्हणतो. सिड एकटा जहाज हाकत परत येतो. मरण हा शब्द पुस्तकात कुठेही नाही. नंतर तो पुन्हा आजोबांच्या घरी जातो, माळ्यावर दार नाहीये, पण खिडकीशी टकटक होते आणि पाकीट येतं बेटावरून.

हे पुस्तक मुलांना दहापैकी दहा आवडतं, आईलाही आवडलं, मला सात. चित्रांबद्दल तक्रारच नाही, त्या छपरांवरून जाणाऱ्या जहाजाचं चित्र फ्रेम करून लावावं असं आहे. पण ते पाकीट मला खटकतं. ज्या घरात कोणी खरंच गेलंय तिथलं मूल उद्या खिडकीशी बसून राहिलं तर काय सांगायचं? आई म्हणते तू फार विचार करतेस, मुलाला कळतं पाकीट कोणी पाठवलं ते. असेल. तिने तिच्या आजीकडून 'वर चांदणी झाली' ऐकलंय आणि तिचं काही बिघडलं नाही, हा तिचा पुरावा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

लेन स्मिथ यांचं 'ग्रँडपा ग्रीन' (२०११) याबद्दल थोडक्यात सांगते. एक मुलगा आपल्या पणजोबांच्या बागेतून फिरतोय आणि बागेतली झुडपं कापून कापून त्यांचं सगळं आयुष्य उभं केलंय, लहानपणच्या कांजिण्या, युद्ध, लग्न. पणजोबा आता विसरायला लागलेत, इकडे हातमोजे पडलेत तिकडे अजून काहीतरी, आणि मुलगा मागे मागे जाऊन गोळा करतोय. घरात कोणाला विसरायचा आजार असेल तर हे आधी मोठ्यांनी एकट्याने वाचा, मग मुलांसोबत. एवढंच.

आणि आमच्यासारख्या परदेशातल्या घरांनी तर 'ड्रॉन टुगेदर' घ्यायलाच हवं. मिन ले यांनी लिहिलेलं, डॅन सँटॅट यांची चित्रं, २०१८. आई मुलाला आजोबांच्या दारात सोडून जाते (बघा!), मुलाला इंग्रजी येतं, आजोबांना थाई. जेवायला बसतात तर दोघांच्या ताटात वेगळं, टीव्हीवर लागलंय ते मुलाला कळत नाही, आजोबांचं बोलणं पुस्तकात थाई लिपीतच छापलंय, आपल्यालाही कळू नये म्हणून. कित्येक पानं जवळजवळ निःशब्द. मग कंटाळून पोरगं स्वतःला जादूगार म्हणून रंगीत मार्करने काढायला लागतं, आजोबा उठून जातात आणि स्वतःचा ब्रश आणि शाई घेऊन येतात, आणि त्यांच्या कागदावर थाई पद्धतीचा नक्षीदार योद्धा, काळ्या शाईत. पुढे जे होतं ते सांगत नाही, ड्रॅगन आहे एवढं सांगते, आणि एका ठिकाणी दोघं आपापली हत्यारं अदलाबदल करतात, पोराकडे ब्रश आणि आजोबांकडे जादूची कांडी. रंगीत आणि काळं-पांढरं एकमेकांत शिरतं ती पानं बघताना माझे डोळे भरले होते, तेव्हा मुलगा माझ्या खांद्यावरून ओरडत होता पान उलट पान उलट.

आमच्याकडे याचा परिणाम असा की त्याने आबांना ड्रॅगन काढायला सांगितला. बाबांनी आयुष्यात ड्रॅगन काढलेला नाही. त्यांनी फूटपट्टी मागितली. मग एसटीच्या गिअरबॉक्सचं उभं छेदचित्र काढलं, शाफ्ट, दाते, बेअरिंग, सगळं बाण मारून मराठीत नावं घालून, एकदम नीट. मला वाटलं आता हा रडणार. त्याने लाल स्केचपेन घेतला आणि गिअरच्या दात्यांना डोळे काढले, एग्झॉस्टला आग जोडली, आणि आबांना म्हणाला तू मला सांगितलं नाहीस की ड्रॅगन आतून असा असतो. तो कागद फ्रीजवर आहे. दोघांपैकी कोणीही मला तो काढताना बोलावलं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवते.

तर मूळ प्रश्न, आई-बाप का नसतात. एक कारण अगदी धंद्याचं आहे. पिक्चर बुक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, कारण छापखान्यात मोठा कागद घडी घालून आठ-सोळाच्या पटीत पानं निघतात, आणि त्या ३२ मधली काही पानं नाव, कॉपीराईट, अर्पणपत्रिका यातच जातात. उरलेल्या जागेत तिसरं माणूस आणलं की त्याला काहीतरी काम द्यावं लागतं. मग पहिल्यांदा कोणाला कापणार? जो नियम सांगतो त्याला. गोष्ट सुरू व्हायला कोणीतरी 'चल' म्हणावं लागतं, आणि घरात 'चल' म्हणायला वेळ असलेली माणसं दोनच, एक शाळेतून आलेलं आणि एक नोकरीतून सुटलेलं. मधल्या माणसाच्या हातात घड्याळ असतं. मला वाटतं हे लेखक आपल्यावर राग काढत नाहीयेत, ते फक्त घड्याळ घराबाहेर ठेवतायत आणि आपण त्या घड्याळाला बांधलेले असल्यामुळे आपोआप बाहेर जातो.

एका पुस्तकात ही बाहेरची बाजू थोडी दिसते, नॉर्टन जस्टर यांचं 'द हॅलो, गुडबाय विंडो', चित्रं क्रिस राश्का यांची, २००६ चं कॅल्डेकॉट पदक (अमेरिकेत पिक्चर बुकच्या चित्रांसाठी देतात ते). आजी-आजोबांच्या स्वयंपाकघराची खिडकी हाच सगळा विषय, त्या खिडकीतून काय काय दिसू शकतं, डायनोसॉर येऊ शकतो, इंग्लंडची राणी येऊ शकते. शेवटी आई-बाबा न्यायला येतात आणि मुलीला घरी जायचा आनंदही होतो आणि निघायचं वाईटही वाटतं, दोन्ही एकदम, आणि ती म्हणते असं होतं कधीकधी. चला, निदान एका ठिकाणी आम्ही आल्याचा आनंद झाला कोणालातरी, अर्धा का होईना. राश्कांची चित्रं पहिल्यांदा बघितली की वाटतं पोरानेच रंग फासलेत, थांबून बघा, फार पोचलेलं काम आहे.

वाईट पुस्तकंही ढीगभर येतात हं या प्रकारात. पांढरा अंबाडा, नाकावर चष्मा, हातात विणकाम आणि दर पानावर 'माझी आजी माझ्यावर खूप खूप प्रेम करते'. मदर्स डे कार्डाला पुठ्ठा लावलेला असतो. त्यात आजी कधी चिडत नाही, कधी खोटं बोलत नाही, डुलकी काढत नाही. माझी आई पत्त्यात सहा वर्षांच्या मुलाला सरळ फसवते. पान लपवते. तो तिला पकडतो, मग दोघं ओरडतात, मग पुन्हा डाव. हे मला कुठल्याच पुस्तकात अजून सापडलं नाही.

आपल्याकडचं बघायला गेलं तर कल्पनेची कमी नाही, फक्त आपल्या गोष्टींत आजी बहुतेक सांगणारी असते, गोष्टीत शिरून हुंदडणारी कमी. अपवाद भोपळ्यातली म्हातारी. वाघाला, कोल्ह्याला लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते मग खा म्हणून गंडवणारी आणि टुणुक टुणुक घरी येणारी बाई, ती काय कमी उडती आहे का त्या आब्वेलापेक्षा? आणि आमच्या घरात सांगतात त्या गोष्टीत भोपळा कोण देतं, लेक देते. तूप-रोटी खायला घालते, भोपळा पोखरते, आईला आत बसवते आणि वाटेला लावते. म्हणजे मधल्या पिढीला आपल्या गोष्टीत निदान काम तरी आहे! हे आईला सांगितलं तर म्हणाली मग तू व्हिसाचे फॉर्म भरतेस ते काय आहे.

मराठीत छापलेल्या पुस्तकांत माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' (ज्योत्स्ना प्रकाशन) आमच्याकडे आहे, येताना आईच घेऊन आली होती. त्यात कोणी उडत नाही, छोटी राधा आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगते एवढंच, पण घर खरं आहे, माणसं आपल्या ओळखीची वाटतात, आणि परदेशात वाढणाऱ्या मुलाला ते घरच कल्पनेतलं वाटतं ही वेगळीच गंमत. बाकी प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेची स्टोरीवीव्हर ही साईट २०१५ पासून चालू आहे, तिथे मराठीतही भरपूर चित्रगोष्टी फुकट वाचता येतात आणि कोणालाही भाषांतर करून टाकता येतं. दर्जा वर-खाली आहे, पण फोनवर आजी तिकडे आणि नातू इकडे असं एकच पुस्तक उघडून वाचायला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. आमचे रविवार सकाळचे कॉल आता तसेच चालतात, आणि नेटवर्क अडकलं की आजी मधलं पान स्वतःच्या मनाने सांगून मोकळी होते.

आता मला मदत हवीय. पत्त्यात चिटिंग करणारी आजी, किंवा खोटारडे, आळशी, भांडखोर आजोबा, पण नातवंडासोबत काहीतरी भन्नाट उद्योग करणारे, असं मराठी चित्रपुस्तक कोणाला माहीत असेल तर नाव आणि प्रकाशन खाली लिहा, आई-बाबा पुढच्या खेपेला येताना बॅगेत टाकून आणतील. लोणच्याच्या बरण्या कमी करायला सांगते मी त्यांना.